तनाखमधल्या नावांच्या याद्या वगळल्या तर चालतील का?

प्रश्न असा आलाय की तनाख, म्हणजे ख्रिस्ती वाचक ज्याला जुना करार म्हणतात तो ग्रंथ, पहिल्यांदाच सुरुवातीपासून वाचायला घेतलाय, पण दर दोन पानांनी "अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा" सुरू होतं, एकाच नावाची चार-पाच माणसं भेटतात, कोण मेंढपाळ आणि कोण लेखक ते लक्षात राहत नाही, तर या याद्या सोडून पुढे गेलं तर काही बिघडतं का.

बिघडतं, आणि बरंच बिघडतं. मी ठाण्यात बरीच वर्षं लहानांना आणि मोठ्यांना तनाख शिकवतोय, आणि माझं ठाम मत असं झालंय की गोष्टीत जे उघड सांगितलेलं नसतं ते नेमकं या नावांच्या ओळींमध्ये असतं. कोण कोणाच्या पाठीशी उभं राहिलं, का राहिलं, राजवाड्यात कोणाचं वजन होतं, कोणाच्या मनात जुना राग होता, हे ग्रंथ तुम्हाला समजावून सांगत बसत नाही, तो फक्त बापाचं नाव, गावाचं नाव आणि कामाचं नाव देतो आणि पुढे जातो. (नावं मी मराठी बायबलमध्ये जशी छापतात तशीच लिहितोय, म्हणजे तुम्हाला शोधायला सोपं जाईल.)

मराठी माणसाला तर हे जड जायलाच नको. आपणही स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, मग गावावरून आलेलं आडनाव असंच सांगतो. कोकणातल्या आमच्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांनी हेच केलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) १७९६ साली ज्यांनी बांधलं ते शमुवेल यहेज्केल दिवेकर, गावात त्यांना म्हणायचे सामाजी हसाजी दिवेकर. शमुवेलचं सामाजी झालं, यहेज्केलचं हसाजी झालं, आणि दिवेकर हे गावावरून. आणि धंद्यावरून अख्ख्या समाजाची ओळख होती "शनवार तेली", कारण तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. म्हणजे नाव, घराणं, गाव, धंदा, सगळं त्यात आलं. तनाख वाचताना डोक्यात हाच साचा ठेवा.

आता हे वाचून हाती काय लागतं ते एका घराण्यावरून दाखवतो, मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडणारं घराणं, शाफानचं.

योशीया राजाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिराची दुरुस्ती चालू असताना मुख्य याजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. तो राजाला वाचून कोण दाखवतो? शाफान, असल्या नावाच्या माणसाचा मुलगा, मशुल्लामचा नातू, पदाने लेखक. लेखक म्हणजे इथे पुस्तकं लिहिणारा नव्हे हां, राजाच्या कचेरीचा प्रमुख, आपल्याकडे पेशवाईत चिटणीस किंवा फडणीस असायचे तसा. त्याची तीन पिढ्यांची ओळख एका ओळीत येते (२ राजे २२) आणि बहुतेक वाचक तिथून सटकन पुढे जातात. पुढे जाऊ नका, तिथे पेन्सिलने खूण करा, कारण हा माणूस गेला तरी त्याचं घराणं पुढची चाळीस वर्षं तुम्हाला सोडणार नाही.

यिर्मया संदेष्टा मंदिरात उभा राहून बोलतो आणि जमाव त्याला मारायला उठतो, याच सुमाराला उरीया नावाच्या दुसऱ्या एका संदेष्ट्याला राजाने मिसरातून (इजिप्तमधून) धरून आणून मारलेलं असतं, मग यिर्मया कसा वाचतो? अध्यायाच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय, शाफानचा मुलगा अहीकाम याचा हात यिर्मयाच्या पाठीशी होता. बस, एवढंच. मग इ.स.पू. ६०४ च्या हिवाळ्यात यिर्मयाचा लेखनिक बारूख मंदिरात गुंडाळी वाचून दाखवतो. यिर्मयाला स्वतःला तिथे जायची बंदी आहे, मग बारूखला बसायला जागा कोणी दिली? वाचन होतं ते शाफानचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीत. ऐकून धावत राजवाड्यात कोण जातं? गमऱ्याचा मुलगा मीखाया, म्हणजे शाफानचा नातू. आणि राजा यहोयाकीम शेगडीसमोर बसून गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून झाले की लेखकाच्या चाकूने कापून आगीत टाकतो तेव्हा "जाळू नका" म्हणून विनवणाऱ्या तिघांत पुन्हा गमऱ्या असतोच. नंतर कैद करून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या लोकांना यिर्मया पत्र पाठवतो, तेच ते प्रसिद्ध पत्र, घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याचं कल्याण चिंता. ते पत्र घेऊन जाणाऱ्या दोघांपैकी एक एलासा, हाही शाफानचा मुलगा. आणि यरुशलेम पडल्यावर बाबेलवाले उरलेल्या लोकांवर प्रमुख म्हणून कोणाला नेमतात? गदल्या, अहीकामचा मुलगा, शाफानचा नातू. मिस्पामध्ये त्याचा खून झाला, राजवंशातल्या इश्माएलने केला, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्ष, झालं की लगेच गदल्याचा उपास आजही पाळला जातो.

आता बघा, "शाफानचा मुलगा" हे दोन शब्द वगळून वाचलं तर ही पाच-सहा वेगवेगळी अनोळखी माणसं आहेत, त्या त्या वेळी कुठून तरी येतात आणि जातात. ते दोन शब्द धरून वाचलं तर दिसतं की एका कचेरीवाल्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या एका नकोशा झालेल्या संदेष्ट्याला सांभाळलं, त्याच्या मागे उभं राहिलं, त्याची पत्रं पोचवली. शाफानचा एक मुलगा मात्र उलटा निघाला, याजन्या, तो यहेज्केलच्या आठव्या अध्यायात मंदिरात मूर्तींसमोर धूप जाळताना दिसतो, आणि यहेज्केलने त्याचं नाव बापाच्या नावासकट घेतलंय. सत्तर वडीलधारी माणसं आहेत तिथे, नाव मात्र या एकाचंच. शाफानचा मुलगा असून हा इथे, याचा केवढा धक्का ऐकणाऱ्याला बसला असेल, पण तो धक्का आपल्याला कधी बसेल, घराणं माहीत असेल तरच.

आणि बारूखचं पण असंच आहे. यिर्मया ३२ मध्ये तो बारूख, नेरीयाचा मुलगा, महसेयाचा नातू. अध्याय ५१ मध्ये सराया नावाचा एक अधिकारी सिद्कीया राजाबरोबर बाबेलला जातो, यिर्मया त्याच्याकडे बाबेलविरुद्धची गुंडाळी देतो आणि सांगतो, तिथे वाच आणि दगड बांधून फरात नदीत टाक. हा सराया कोण? नेरीयाचा मुलगा, महसेयाचा नातू. म्हणजे बारूखचा सख्खा भाऊ! ग्रंथात कुठेही "हे दोघे भाऊ" असं लिहिलेलं नाही, आजोबाचं नाव दोन्हीकडे दिलंय एवढंच, बाकी तुम्ही जोडायचं.

यात मला फार भावतं ते म्हणजे या मंडळींच्या खुणा जमिनीतूनही निघाल्या. १९८२ साली यरुशलेमच्या दावीदनगर भागात यिगाल शिलो यांच्या उत्खननात मातीचे पन्नासेक छोटे शिक्के सापडले, कागदपत्रांच्या दोरीवर मारलेले. कागद जळून गेले, पण इ.स.पू. ५८६ च्या आगीत ती माती भाजून पक्की झाली. त्यातल्या एकावर लिहिलंय "गमऱ्याहू, शाफानचा मुलगा". दुसऱ्यावर "अजऱ्याहू, हिल्कीयाहूचा मुलगा", आणि "१ इतिहास" या तनाखमधल्याच पुस्तकातल्या याजकांच्या वंशावळीत हिल्कीयाचा मुलगा अजऱ्या आहेच. पुढे २००५ आणि २००८ मध्ये एलात मझार यांना त्याच परिसरात यहूकल शलेम्याचा मुलगा आणि गदल्या पशहूरचा मुलगा यांचे शिक्के मिळाले, आणि यिर्मया ३८ च्या पहिल्याच ओळीत यिर्मयाला मारून टाका म्हणणारे जे अधिकारी आहेत त्यात ही दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत. एक सावधगिरी मात्र ठेवा, बारूखच्या नावाचे जे दोन शिक्के इंटरनेटवर सगळीकडे फिरतात ते उत्खननातून आलेले नाहीत, जुन्या वस्तूंच्या बाजारातून आलेले आहेत आणि आता बरेच अभ्यासक त्यांना बनावट मानतात. मी वर्गात ते वापरत नाही. कोणी शिक्का दाखवला की पहिला प्रश्न विचारायचा, हा खणून मिळालाय की विकत?

आता आयांची नावं. राजांच्या पुस्तकात यहूदाच्या, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्याच्या, जवळजवळ प्रत्येक राजाच्या गादीवर येण्याच्या ओळीत त्याच्या आईचं नाव असतं, कधी कधी तिच्या बापाचं आणि गावाचंही. लोकांना वाटतं ही भरताड आहे. योशीया युद्धात मारला गेला त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं घ्या. लोकांनी मोठ्याला सोडून धाकट्या यहोआहाजला गादीवर बसवलं, तो तेवीसचा होता, मोठा पंचवीसचा. तीन महिन्यांत मिसरच्या फारो नखोने त्याला उचललं आणि मोठ्याला बसवलं, त्याचं नाव एल्याकीम होतं ते बदलून यहोयाकीम केलं. पुढे बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहोयाकीमच्या मुलाला काढून मत्तन्याला बसवलं आणि त्याचं नाव सिद्कीया ठेवलं. वरवर सगळी योशीयाचीच मुलं. पण आया बघा, यहोआहाज आणि सिद्कीया हे हमूटलचे, लिब्नाच्या यिर्मयाच्या मुलीचे, आणि यहोयाकीम हा जबीदाचा, रूमाच्या पदायाच्या मुलीचा. म्हणजे मिसरने एका राणीचा मुलगा काढून दुसरीचा बसवला आणि बाबेलने पुन्हा पहिल्या राणीकडचा आणला. दोन आजोळांमधली ही ओढाताण होती असं मला वाटतं, हा माझा अर्थ आहे, पण सावत्र-सख्खं नातं हे ग्रंथातलंच आहे. आणि परक्या राजाने तुमचं नाव बदललं म्हणजे तुम्ही कोणाची माणसं हे साऱ्या जगाला कळलं. दानीएल आणि त्याच्या तीन मित्रांचं बाबेलमध्ये तेच झालं.

लगेच सांगतो, हमूटलचा बाप यिर्मया हा संदेष्टा यिर्मया नव्हे! तो लिब्नाचा, संदेष्टा अनाथोथचा. याच्यासाठीच गाव दिलेलं असतं. संदेष्ट्याच्या बापाचं नाव हिल्कीया, आणि ग्रंथ सापडलेल्या मुख्य याजकाचंही नाव हिल्कीया, तेव्हा खूप जण बेधडक सांगतात की यिर्मया मुख्य याजकाचा मुलगा होता. पण अनाथोथ हे त्या अब्याथार याजकाचं गाव, ज्याला दावीदच्या मुलाने, शलमोन राजाने, पदावरून काढून शेतावर पाठवून दिलं होतं, सत्तेवरून बाजूला सारलेली शाखा ती, आणि यरुशलेमचं मुख्य याजकपद दुसऱ्या शाखेकडे, सादोकच्या. हे लक्षात घेतलं की यिर्मया मंदिराबद्दल इतकं कडक का बोलू शकतो हेही थोडं उलगडतं. शल्लूम तर विचारूच नका, एक यिर्मयाचा काका, एक हुल्दा संदेष्ट्रीचा नवरा, यहोआहाज राजाचंच दुसरं नाव शल्लूम, आणि उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात महिनाभर गादीवर असलेला एक वेगळाच. तामार तीन आहेत, यहूदाची सून, दावीद राजाची मुलगी आणि दावीदचा मुलगा अबशालोम याची मुलगी, तिचं नाव बहुधा आत्यावरूनच ठेवलं. तेव्हा नुसतं नाव कधीच लिहू नका वहीत, कायम बापाच्या किंवा गावाच्या जोडीने लिहा. यशयाचा बाप आमोज आणि संदेष्टा आमोस हे पण दोन वेगळे, हिब्रूत स्पेलिंगच वेगळं आहे.

याद्या वाचल्या की कधी कधी अंगावर काटा येतो. २ शमुवेल २३ मध्ये दावीदच्या शूर वीरांची यादी आहे, सगळे ती वगळतात. तिच्यात एक नाव आहे अलीयाम, गिलोच्या अहीथोफेलचा मुलगा. आणि यादीचं शेवटचं नाव, हित्ती उरीया. आता अध्याय ११ ला मागे जा, बथशेबा कोण? अलीयामची मुलगी, हित्ती उरीयाची बायको. दोन्ही अलीयाम एकच धरले, आणि तल्मूदनेही (रब्बींच्या जुन्या चर्चांचा ग्रंथ) तसंच धरलंय, तर दावीदने ज्या बाईला बोलावून घेतलं तिचा नवराही त्याच्या खास सैनिकांतला आणि बापही. आणि आजोबा अहीथोफेल, दावीदचा सल्लागार, ज्याचा सल्ला म्हणजे देवाला कौल लावल्यासारखा मानायचे. तो अबशालोमच्या बंडात एकाएकी दावीदविरुद्ध का जातो याचं कारण गोष्टीत दिलेलंच नाही. आणि अबशालोमला तो पहिला सल्ला काय देतो तर बापाच्या उपपत्नींकडे जा, आणि तंबू ठोकला जातो तो गच्चीवर. दावीदने बथशेबाला पहिल्यांदा गच्चीवरूनच पाहिलं होतं. ही यादी सोडली असती तर यातलं काहीही हाती लागलं नसतं.

दावीदच्याच घरातलं अजून एक, यवाब, अबीशय आणि असाएल या तिघांना कायम "सरुवेचे मुलगे" म्हटलंय, बापाचं नाव मुळी येतच नाही. सरुवा कोण? १ इतिहास २ प्रमाणे दावीदची बहीण. म्हणजे सेनापती यवाब हा राजाचा भाचा, आणि वैतागून दावीद म्हणतो की हे सरुवेचे मुलगे मला फार भारी पडतात, तेव्हा तो घरातल्या माणसांबद्दल बोलतोय. यवाबला तो आयुष्यभर काढू का शकत नाही ते इथे कळतं. आणि एस्तेरच्या पुस्तकातले एस्तेर-मर्दखय, बरेच जण मर्दखयला तिचा काका समजतात, पण एस्तेर ही त्याच्या काकाची मुलगी, अबीहाईलची, म्हणजे तो चुलतभाऊ, वयाने मोठा असणार म्हणून त्याने सांभाळली.

धंद्यांकडे येतो. इथे आपल्याकडच्या वाचकाची एक चूक होते, त्याला वाटतं इस्राएलचे बारा वंश म्हणजे बारा जाती आणि प्रत्येकाचा धंदा ठरलेला. तसं नाहीये. जन्माने काम ठरलेलं फक्त याजक आणि लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश) यांचं. बाकी निवासमंडपाचं, म्हणजे वाळवंटातल्या तंबूच्या मंदिराचं, सगळं कलाकाम करणारा बसालेल हा यहूदाचा, आणि त्याचा जोडीदार अहलियाब दानाचा, आणि बकऱ्यांच्या केसांचं सूत कातणाऱ्या बायका कुठल्या वंशाच्या ते विचारलेलंसुद्धा नाही, हात कसलेला आहे ना एवढंच बघितलंय. घराण्यात चालत आलेले धंदे मात्र होते, १ इतिहास ४ मध्ये तलम कापड विणणाऱ्यांची घराणी आहेत, आणि राजाच्या कामावर ठेवलेले कुंभार आहेत. हिज्कीया राजाच्या काळातल्या रांजणांच्या कानांवर "राजाचे" असा शिक्का मारलेले तुकडे यहूदात शेकड्यांनी सापडलेत, ते बघितल्यावर त्या कुंभारांची एक ओळ एकदम खरीखुरी वाटायला लागते.

माझी आवडती धंद्यांची यादी १ इतिहास २७ च्या शेवटी आहे, दावीदच्या मालमत्तेवरची माणसं. द्राक्षमळ्यांवर शिमी रामाथकर, मळ्यातून आलेल्या द्राक्षारसाच्या कोठारांवर जब्दी शिफमकर (हे "कर" मी लावतोय, पण हिब्रूतही गावावरूनच ओळख आहे), सखल प्रदेशातल्या जैतून आणि उंबरांवर बाल-हानान, तेलाच्या कोठारांवर योवाश. आणि उंटांवर कोण? ओबील इश्माएली. मेंढरांवर याजीज हगरी. म्हणजे ज्या कामात वाळवंटातली माणसं पटाईत ते काम त्यांच्याकडेच दिलंय, ती इस्राएली नसली तरी. याच दावीदच्या सैन्यात हित्ती उरीया होता हे आठवा. राज्य कसं चालायचं याचं इतकं चांगलं वर्णन लढायांच्या गोष्टींत नाही मिळत.

त्या उंबरांवरून आमोस. तो सांगतो, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगा नाही, मी गुरं राखणारा आणि उंबरांची निगा राखणारा. प्रवचनात याचा नेहमी "गरीब बिचारा धनगर" होतो. जरा थांबा. पहिल्या ओळीत त्याच्यासाठी मेंढपाळ म्हणून जो हिब्रू शब्द आहे तोच शब्द २ राजे ३ मध्ये मवाबचा राजा मेशा याच्यासाठी आलाय, आणि तो एक लाख कोकरं आणि एक लाख मेंढ्यांची लोकर खंडणी म्हणून द्यायचा! म्हणजे आमोस कळपांचा मालक असण्याची शक्यता चांगलीच आहे. दुसरं, त्याचं गाव तकोवा हे बेथलेहेमच्या दक्षिणेला उंच डोंगरावर, वाळवंटाच्या काठाला, आणि ही झाडं तिथे होत नाहीत, ती खाली सखल भागात होतात, म्हणजे हा माणूस कामासाठी वर-खाली फिरणारा होता. झाड आपल्या उंबराच्याच जातकुळीतलं, आणि काम काय तर फळ हिरवं असताना चाकूने त्याला चीर द्यायची, मग ते काही दिवसांत फुगतं आणि गोड होतं, नाही दिली तर नीट पिकत नाही. झाडावर चढून एकेका फळाला करायचं काम आहे हे. असा हिंडलेला, बाजार बघितलेला माणूस बेथेलला जाऊन लबाड तराजू, लहान माप आणि चपलेच्या जोडासाठी विकल्या जाणाऱ्या गरिबांबद्दल बोलतो, तेव्हा तो डोळ्यांनी बघितलेलं बोलतोय. आणि त्याच्या बापाचं नाव कुठेच नाही. यशयाचं आहे, सफन्याच्या तर चार पिढ्या दिल्यात पार हिज्कीयापर्यंत, आमोसचं फक्त गाव आणि काम. नाव गाळलेलं असतं तेही वाचायचं.

बायकांच्या कामाबद्दल थोडक्यात, कारण हे विचारलंच जातं. राहेल मेंढरं घेऊन विहिरीवर येते ती स्वतः मेंढपाळ म्हणून. शिप्रा आणि पुवा या सुइणी, निर्गमच्या पहिल्या अध्यायात, फारोचा हुकूम न मानणाऱ्या, त्यांची नावं ग्रंथाने जपली आणि फारोचं नाव दिलंच नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी आवर्जून दाखवतो. दबोरा न्यायनिवाडा करते. हुल्दा संदेष्ट्री, तिचा नवरा राजाच्या किंवा मंदिराच्या वस्त्रभांडाराचा रखवालदार, आणि सापडलेला ग्रंथ खरा की कसं हे विचारायला मुख्य याजक स्वतः, शाफान आणि अहीकाम तिच्या दारात जातात. सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, बापाला मुलगा नाही म्हणून जमिनीचा हक्क मागतात आणि मिळवतात. शोमरोनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीच्या, उत्खननात १९१० साली तेल-द्राक्षारसाच्या नोंदींची खापरं मिळाली, इ.स.पू. आठव्या शतकातली, आणि त्यात होग्ला आणि नोआ ही चक्क मुलखांची नावं म्हणून आलीत. मुलींचं नाव जमिनीला लागलं होतं, कित्येक पिढ्यांनंतरही.

एक तांत्रिक गोष्ट, नाहीतर हिशोब चुकतात. "मुलगा" म्हणजे दर वेळी सख्खा मुलगा नाही. एज्रा ७ मध्ये एज्रा हा सरायाचा मुलगा म्हटलंय, पण तो मुख्य याजक सराया इ.स.पू. ५८६ मध्ये रिब्लाला मारला गेला आणि एज्रा परंपरागत हिशोबाने ४५८ मध्ये यरुशलेमला आला, मधे सव्वाशे वर्षं. वंशज असा अर्थ घ्यायचा. त्याच यादीत १ इतिहास ६ मधली सहा नावं गाळलेली आहेत, महत्त्वाचे टप्पे तेवढे ठेवलेत. अश्शूरच्या (असिरियाच्या) काळ्या स्तंभावर इस्राएलच्या येहू राजाला "अम्रीचा मुलगा" म्हटलंय आणि खरं तर येहूनेच अम्रीचं घराणं संपवलं होतं, बाहेरच्यांच्या लेखी ते अम्रीचं राज्य होतं म्हणून. तेव्हा पिढ्या मोजून जगाचं वय काढत बसू नका.

आणि नावांत "बाल" दिसला की दचकू नका. शौलचा मुलगा १ इतिहासात एश्बाल आहे आणि २ शमुवेलमध्ये ईश-बोशेथ, माणूस एकच. बाल म्हणजे धनी, एके काळी ते चालत होतं, पुढे बाल नावाच्या परक्या देवाच्या पूजेशी झगडा झाल्यावर लेखकांनी त्याजागी बोशेथ, म्हणजे "लाज", असा शब्द घातला. एश्बाल हे नाव त्या काळात खरंच ठेवायचे, इस्राएलमधल्या खिर्बेत कैयाफा इथल्या उत्खननातल्या एका रांजणावर ते कोरलेलं मिळालंय, तो एश्बाल दुसरा कोणी, बेदाचा मुलगा.

सुरुवात कशी करायची? वहीत चार रकाने करा, नाव, कोणाचा किंवा कोणाची, कुठला, काय काम. उत्पत्तीपासून करू नका, दमाल. यिर्मया ३६ घ्या, एकच अध्याय, त्यातला प्रत्येक माणूस लिहून काढा, मग २ राजे २२ आणि यिर्मया २६, २९, ४० मध्ये त्यातली कोणती नावं परत येतात ते बघा. एलनाथान अखबोरचा मुलगा याच्यावर विशेष लक्ष ठेवा, त्याचा बाप योशीयाच्या वेळी शाफानबरोबर हुल्दाकडे गेला होता, हा स्वतः त्या उरीया संदेष्ट्याला मिसरातून धरून आणायला गेला, आणि तरी गुंडाळी जाळू नका म्हणणाऱ्यांतही हा आहे, आणि पुढच्या राजाची आई नहुष्टा ही यरुशलेमच्या एका एलनाथानची मुलगी, हाच असेल तर तो यहोयाकीम राजाचा सासरा. असा गुंतलेला माणूस दुसरा नाही त्या अध्यायात.

ते झालं की नहेम्या ३. यरुशलेमचा कोट कोणी कुठे बांधला त्याची यादी आहे, सगळ्यात कंटाळवाणी म्हणून बदनाम. त्यात सोनार आहेत, अत्तरवाले आहेत, व्यापारी आहेत, हात गवंड्याचे नसलेले सगळे दगड उचलतायत, आणि एक शल्लूम, हल्लोहेशाचा मुलगा, अर्ध्या यरुशलेम जिल्ह्याचा अधिकारी, तो आपल्या मुलींना घेऊन बांधतोय. आमोसच्या तकोवाची माणसंही आहेत. पाचव्या ओळीत त्यांच्या सरदारांनी कामाला मान लावली नाही असं नोंदवलंय, आणि सत्ताविसाव्या ओळीत त्याच तकोवाच्या साध्या लोकांनी आपला भाग संपवून दुसराही बांधून दिला.